दोन नाणी आणि एक पुडी

बाळांनो, एक सांगा पाहू. तुमच्यापुढे दोन पेरू ठेवले. एक असा, की तसा पेरू अख्ख्या गावात दुसरा नाही, पण पोपटाने तो अर्धा खाल्लेला. दुसरा टवटवीत, डाग नसलेला, पण तसे पेरू पाटीभर. तर तुम्ही कुठला उचलाल?

थांबा, घाई नको. या प्रश्नावर मोठी माणसं जन्म काढतात. फक्त ती पेरूऐवजी नाणी घेऊन बसतात, कारण पेरू खाऊन टाकता येतो आणि प्रश्न तिथंच मिटतो.

एका जंगलात या प्रश्नापायी प्यायचं पाणी अडलं होतं. त्याची ही गोष्ट.

त्या जंगलात उन्हाळ्यात एकच डोह उरायचा. भल्या सकाळी पाणी असं नितळ, की तळाचे गोटे दिसायचे. मग म्हशी यायच्या आणि बसायच्या. त्या उठल्यावर डोहात जे उरायचं ते पाणी नव्हे, पिठलं.

म्हशींच्या आधी कुणी प्यायचं, हे पूर्वी दात आणि नखं ठरवत. पण वाघमहाराजांना ते रानटी वाटू लागलं. त्याच सुमारास एका वाटसरूची थैली रानात पडली आणि महाराजांना तिच्यात एक जुनं नाणं मिळालं. त्यांना ते फार आवडलं. सामान्य जनावराला काही आवडलं तर तो छंद असतो. राजाला आवडलं तर ते धोरण होतं.

दवंडी पिटली गेली. ज्याच्या घरी संग्रहात ठेवण्याजोगं नाणं आहे, तो सुसंस्कृत. सुसंस्कृतांनी म्हशींच्या आधी पाणी प्यावं. बाकीच्यांनी नंतर.

म्हशींकडे नाणं नव्हतं. पण त्यांना तसं सांगायला कुणी गेलं नाही.

नाणी तपासायला पिंगळे गुरुजींची नेमणूक झाली. गुरुजी म्हणजे पिंगळा, छोटंसं घुबड. तपासणी सकाळी असे आणि घुबडांना उजेडात नीट दिसत नाही. त्यामुळे ते अगदी निःपक्षपाती आहेत, असं महाराजांचं मत होतं.

आता या जंगलात एका बिळात एक साळिंदर राहायचं. त्याचं नाव दौलतराव. त्याची बायको अनसूयाबाई. दोघं अंगावर काटे बाळगून होती, पण कुणाला टोचायची नाहीत. त्यांना एक पिल्लू होतं, बकुळ. बकुळ दूध सोडून नुकतीच पाणी प्यायला लागली होती, आणि म्हशींनंतरचं पाणी तिला बाधलं. तिचं पोट ढमाढम वाजू लागलं. काटे मऊ पडले.

अस्वलवैद्यांनी तिचं पोट दाबून पाहिलं.

"औषध नको," ते म्हणाले. "नितळ पाणी द्या. चिखलाचा एक घोट आता चालायचा नाही. पुढचं मी बोलत नाही."

ते पुढचं बोलले नाहीत, म्हणून अनसूयाबाईंना सगळं कळलं.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आपण एक नाणं घेऊ."

"आपण? नाणं?"

"का? आपण सुसंस्कृत नाही का?"

"आहोत गं. पण आजवर कुणाला सांगावं लागलं नव्हतं."

नाण्यांचं दुकान उदाजी उदमांजराचं. एका वाळलेल्या ओंडक्यावर त्याने पानं अंथरली होती. त्यावर नाणी. उदाजीच्या अंगाला नेहमी सुगंध यायचा आणि बोलण्यालाही.

"या दौलतराव, या वहिनी! ऊन केवढं! पाणी देऊ का म्हणालो असतो, पण तुम्हाला परिस्थिती ठाऊकच आहे. काय दाखवू? दुर्मिळ दाखवू की सुस्थितीतलं?"

"दोन्ही असलेलं दाखवा," अनसूयाबाई म्हणाल्या.

उदाजी गालात हसला. "वहिनी, दोन्ही असलेलं महाराजांकडे आहे. आपण प्रजा. आपल्याला एक काहीतरी निवडायचं असतं."

त्याने दोन नाणी पुढे सरकवली. एक काळपट, पातळ, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. जणू पेजेच्या वाटीत विरघळता विरघळता राहिलेलं. दुसरं असं लखलखीत, की अनसूयाबाईंना त्यात स्वतःचं नाक दिसलं.

"हे काळं नाणं," उदाजी म्हणाला, "अख्ख्या रानात एकच. याच्या जोडीची सगळी गेली. कुठं गेली विचारू नका, मला गहिवरून येतं. आणि हे दुसरं. अशी नाणी पुष्कळ निघतात, पण हे बघा. टाकसाळीतून निघालं ते कुणाच्या हातात गेलंच नाही. याने कधी काही विकत घेतलं नाही. कुणाचं देणं फेडलं नाही. एकदम कोरं."

"म्हणजे याने आयुष्यात काहीच केलं नाही," अनसूयाबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर किंमत आहे, वहिनी."

दौलतरावांनी काळं नाणं उलटंपालटं करून पाहिलं. "यावर काय लिहिलंय?"

"काही नाही."

"राजा कुठला?"

"दिसत नाही."

"मग हे नाणंच आहे कशावरून?"

"दौलतराव," उदाजीने आवाज खाली आणला, "ज्याच्यावर सगळं लिहिलेलं असतं ते कुणीही ओळखतो. हे ओळखायला घराणं लागतं."

दौलतराव ताठ झाले. त्यांचे काटेही झाले. बाळांनो, घराण्याचा विषय निघाला की भलेभले फुगतात, आणि साळिंदराला तर फुगायचं साधन जन्मतःच मिळालेलं असतं.

"आपण हेच घेऊ," ते म्हणाले.

"अहो, त्यावर काहीच दिसत नाही. ते लख्ख घेऊ. चारचौघांत दाखवता तरी येईल."

"दाखवायला भांडी आहेत. हे दुर्मिळ आहे."

"दुर्मिळ तर तुमच्या आत्याचा स्वभावही होता. म्हणून जपून ठेवायचा होता का?"

"आत्याला मध्ये आणू नकोस."

"मी नाही आणत. ती यायचीच, न बोलावता."

उदाजीला दुकान आवरायची घाई होती. तो म्हणाला, "भांडता कशाला? नाणेफेक करा. छापा पडला तर दुर्मिळ, काटा पडला तर सुस्थितीतलं."

हे दोघांना पटलं. अनसूयाबाईंनी लखलखीत नाणं फेकायला उचललं, तर उदाजी ओरडला, "अहो, अहो! ते फेकायचं नाही! खाली पडलं तर ओरखडा येईल. मग ते नुसतंच नाणं उरेल!"

म्हणून काळं नाणं फेकलं. ते भुईवर पडलं. तिघं वाकून पाहू लागले.

"छापा," दौलतराव म्हणाले.

"काटा," अनसूयाबाई म्हणाल्या.

दोघांनी उदाजीकडे पाहिलं. उदाजी बराच वेळ खाली पाहत राहिला. "पडलंय खरं," तो म्हणाला.

तेवढ्यात आईच्या पाठीमागून बकुळ म्हणाली, "आई, पाणी." एवढंच म्हणाली. मग अनसूयाबाईंनी वाद घातला नाही. "घ्या काळं," त्या म्हणाल्या. गुरुजी सध्या दुर्मिळालाच मान देतात, असं उदाजीनेही सांगितलं. बिळात साठवलेल्या कंदांपैकी निम्मे उदाजीकडे गेले आणि काळं नाणं साळिंदरांच्या घरी आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिघं डोहावर हजर. गुरुजी एका खुंटावर बसले होते. डोळे मिटलेले. त्यांनी नाणं पंजात घेतलं, चोचीने वाजवलं, मग मान पाठीमागे फिरवून विचार केला.

"दुर्मिळ," ते म्हणाले. "अतिदुर्मिळ."

दौलतरावांनी बायकोकडे पाहिलं. नवरे असं वर्षातून एखाद्या वेळी पाहतात.

"परंतु अवस्था फार वाईट. कालपासून अवस्थेला प्राधान्य आहे. महाराजांना काल एक कोरं नाणं भेट मिळालं, त्यामुळे शास्त्र बदललं. तुमचा नंबर म्हशींनंतर."

"गुरुजी, पोरगी आजारी आहे हो."

"मग तिला घेऊन रांगेबाहेर उभे राहा. रांगेत आजारी चालत नाही."

पुन्हा उदाजीचं दुकान. उदाजीने काळं नाणं हातात घेतलं आणि सुस्कारा सोडला. "हे आता कोण घेणार? अवस्था बघा याची."

"काल तर तुम्हाला गहिवरून येत होतं," अनसूयाबाई म्हणाल्या.

"काल बाजार वेगळा होता, वहिनी."

शेवटी काळं नाणं, वर उरलेल्या कंदांतला मोठा वाटा, आणि बदल्यात ते लखलखीत नाणं, असा सौदा ठरला. उदाजीने ते पळसाच्या दोन पानांत ठेवलं, कडांना धावड्याचा डिंक फासला आणि पुडी घट्ट बंद केली. वर आपल्या पंजाचा ठसा उमटवला.

"ही पुडी उघडायची नाही," तो म्हणाला. "आत वारा गेला की झळाळी उतरते. श्वास लागला की डाग पडतो. नजर लागली तर मी जबाबदार नाही."

"मग आम्ही ते बघायचं कसं?"

"आता पाहिलंत ना? ते आठवायचं."

त्या दिवशी बकुळने दवाचे थेंब चाटले. दिवसभर ती फारसं बोलली नाही. आईने तिला काटे मोजायला लावले, तर मध्येच झोपली.

पुढच्या पहाटे पुडी गुरुजींपुढे गेली. गुरुजींनी पंजाचा ठसा चाचपला. "अवस्था उत्कृष्ट," ते म्हणाले. दौलतरावांनी बकुळला पुढे केलं.

"परंतु," गुरुजी म्हणाले, "पहाटेपासून अशा पुड्यांचा ढीग लागलाय. माकडांनी तर टोपलीभर आणल्यात. जे सगळ्यांकडे असतं ते संग्रहात ठेवण्याजोगं कसं? आजपासून पुन्हा दुर्मिळतेला प्राधान्य. कालचं ते काळं नाणं कुठाय?"

"ते दिलं की हो परत!"

"अरेरे," गुरुजी हळहळले. "नाणं कधी घाईने विकू नये."

त्यांच्यामागून म्हशी आल्या. बसल्या.

घरी परतताना दौलतराव बिळाच्या तोंडाशी थांबून म्हणाले, "माझंच चुकलं. मी ते काळं घ्यायला नको होतं."

"लख्ख घेतलं असतं तरी हेच झालं असतं," अनसूयाबाई म्हणाल्या. "तुम्ही बकुळजवळ बसा. मी जाऊन कंद तरी परत आणते. पाणी नाही तर नाही, पोरीच्या पोटात रसाचं काहीतरी जाऊ दे."

उदाजीने नाणं परत घ्यायचं कबूल केलं, पण थोड्याच कंदांवर. आणि पुडी उघडून नाणं तपासून घ्यायची अट घातली.

"वारा जाईल ना आत?"

"परत घेताना बघावंच लागतं, वहिनी. जगात लबाड लोक फार." त्याने पानाची कड नखाने उसवली, नाणं काढलं, डोळ्यांशी धरलं आणि ओंडक्यावर ठेवलं. रिकामी पुडी तो फेकून देणार, तेवढ्यात अनसूयाबाई म्हणाल्या, "टाकता कशाला? द्या इकडं. चांगली पुडी आहे. कशाला तरी होईल."

बाळांनो, तुमच्या आयाही असंच म्हणतात की नाही? मिठाईचा खोका असो, लग्नातली पिशवी असो, ज्याला झाकण आहे ते टाकायचं नसतं. अनसूयाबाईंनी पुडी घेतली. आत मुंग्या शिरू नयेत म्हणून वाळलेला डिंक जिभेने ओला करून कडा पुन्हा चिकटवल्या आणि ती पाठीवरच्या काट्यांत खोचून ठेवली. कंद डोक्यावर घेतले आणि घरी गेल्या.

रात्र सरली. पहाटे बकुळने कंद हुंगला आणि तोंड फिरवलं. अनसूयाबाईंनी तिला उचललं.

"कुठं निघालीस?" दौलतरावांनी विचारलं.

"डोहावर."

"आता तर नाणंही नाही."

"नसू दे. हात जोडून बघते. गुरुजींना दिसत नसेल, पण ऐकू तर येतं."

दौलतरावही निघाले. रांग मोठी होती. पुढे भेकरांची दोन घराणी भांडत होती. एक म्हणत होतं, "दुर्मिळ ते खरं." दुसरं म्हणत होतं, "तुमचं दुर्मिळ म्हणजे झिजलेली चकती." गुरुजी मध्ये बसून दोघांना हो म्हणत होते.

अनसूयाबाई पुढे झाल्या. "गुरुजी, एक विनंती आहे."

गुरुजींनी मान वळवली, ती नेमकी अनसूयाबाईंच्या पाठीकडे. पुडीला चोच लागली. "हे काय?"

"ते होय? ती रिकामी पुडी आहे, गुरुजी. चुकून राहिली."

"रिकामी?"

"हो, आत काही नाही."

गुरुजी मंद हसले. "बाई, या खुंटावर माझी पिसं पिकली. ज्याच्याकडे फालतू नाणं असतं, तो त्याचे पोवाडे गातो. ज्याच्याकडे खरं रत्न असतं, तो म्हणतो, काही नाही हो." त्यांनी पुडी ओढून घेतली आणि कानाशी धरून हलवली. "आवाज नाही. ऐका सगळे! आतलं नाणं तसूभरही हलत नाही. इतकं नेमकं बसवलेलं मी पाहिलं नाही."

"नाही हो गुरुजी, नाणं नाहीच, म्हणून आवाज नाही."

"वजन बघा," गुरुजी म्हणाले. "पिसासारखं! हा धातूच वेगळा. असा धातू आता सापडत नाही."

भेकरं भांडायची थांबली. एकाने विचारलं, "म्हणजे दुर्मिळ?"

"असं दुसरं कुणाकडे आहे का? सांगा, आहे का?"

सगळ्यांनी आपापली नाणी पाहिली. असं कुणाकडेच नव्हतं.

"आणि अवस्था?" दुसऱ्या भेकराने विचारलं.

"ठसा शाबूत, पुडी बंद. यावर ओरखडा आहे असं कुणी म्हणून दाखवावं!"

कुणी म्हणालं नाही. गुरुजींचा आवाज कापू लागला. "मंडळी, दुर्मिळ आणि सुस्थितीतलं, दोन्ही एकाच नाण्यात. बाई, शेवटचं विचारतो. महाराजांपुढे नोंद व्हायची आहे. आत काय आहे?"

अनसूयाबाईंनी आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं. आत्ताही सांगायचं नव्हतं. खरं तर त्यांनी तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या खांद्यावर बकुळने डोकं टेकवलं. ते डोकं तापलं होतं. समोर डोहाच्या तळाचे गोटे दिसत होते. लांबून म्हशींच्या पायांचा आवाज येत होता.

अनसूयाबाईंनी तोंड मिटलं.

"बघा," गुरुजी म्हणाले, "सज्जनांना स्तुती सहन होत नाही."

तोवर महाराजच आले. गर्दी दुभंगली. "उघडा ती पुडी," ते म्हणाले. "आम्हाला बघायचंय."

दौलतरावांचे काटे एकेक करून उभे राहिले. अनसूयाबाईंनी डोळे मिटले.

"महाराज!" गुरुजींनी पुडी पंखाखाली घेतली. "उघडली की अवस्था जाईल!"

"मग आम्ही ते नाणं बघायचं कसं?"

"अपराध क्षमा असावा महाराज, पण नाणी बघण्यासाठी कोण घेतं?"

महाराजांनी यावर खूप विचार केला. विचार करताना त्यांची शेपटी हलली, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. "खरं आहे," ते शेवटी म्हणाले. "पहिला मान या बाईंचा. आमच्याही आधी."

अनसूयाबाईंनी बकुळला काठावर उतरवलं. बकुळ प्यायली. मध्ये तिला ठसका लागला, मग पुन्हा प्यायली. वाघ मागे उभा होता, भेकरं मागे उभी होती, आणि म्हशी वळणावर आल्या होत्या. पण पिल्लाला घाई करा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी तिने तोंड वर केलं, हनुवटीवरून पाणी गळत होतं, आणि विचारलं, "आई, हे गोड का लागतं?"

"नितळ आहे म्हणून," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनाही पाणी आलं, पण ते डोळ्यांना.

दौलतराव हळूच म्हणाले, "अगं, खरं सांगायला हवं होतं का?"

"सांगितलं की तीनदा. आता पोरीचं तोंड पुसा."

या सगळ्या गर्दीत उदाजी उदमांजरही होता. त्याने पुडीवरचा स्वतःच्या पंजाचा ठसा ओळखला होता. त्या पुडीतून नाणं त्याने स्वतः काढलं होतं, आणि ते आत्ता त्याच्या ओंडक्यावर पडलेलं होतं. त्याने तोंड उघडलं, मग काहीतरी मनात आलं आणि मिटलं. अंगाचा सुगंध मागे ठेवून तो घाईघाईने पळसांच्या दिशेने गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदाजीच्या ओंडक्यावर बंद पुड्यांचे दोन ढीग होते, एक दुर्मिळ आणि एक सुस्थितीतल्या पुड्यांचा, आणि कुठल्या ढिगातली घ्यावी यावर गिऱ्हाइकांची भांडणं लागली होती.

तात्पर्य: नाणं घेताना ते दुर्मिळ आहे की सुस्थितीत आहे, हे फार काळजीपूर्वक बघावं. ते आहे की नाही, हे बघत बसू नये.